कुत्र्याला खायला कोण घालत होतं?

…आणि कुत्रा भुंकलाच नाही! नाही, तुम्हीच सांगा, ज्याला ठेवलाच राखणीला, चार सेकंद कुणी हाललं नाही तर कडकडून चावायचं एवढं एकच काम ज्याला दिलेलं, तो सव्वादोन तास गप्प बसतो म्हणजे काय? आणि तेवढा वेळ मी तिकडे लग्नाच्या मांडवात खेकड्याचा चिकट भात खातोय, सगळ्या टेबलाला मोबाइल दाखवतोय, "बघा, पाच पूर्णांक दोन! अजून बघा, पाच पूर्णांक दोन!" दगा. याला दुसरा शब्द नाही. या वयात, माझ्यासारख्या माणसाला… जरा इकडे सरकून बसा, चाकाचं पाणी उडतं.

तुम्हाला सांगतो, मी मुळात हळू बोलणारा माणूस. लिनब्येनमध्ये कुणालाही विचारा. आमची ही म्हणते, तुम्ही 'जेवायला वाढ' म्हणून पुरं करेपर्यंत सूप निवतं. पण त्या दिवसापासून तोंड थांबत नाही माझं, भाजीवालीला सांगितलं, देवळातल्या पुजाऱ्याला सांगितलं, काल एका परक्या पोस्टमनला सांगितलं, तो बिचारा पत्र न देताच गेला. पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला वाटेल कुत्रा म्हणजे खराच कुत्रा. खराही आहे एक, तो बघा खुर्चीखाली, ओआ त्याचं नाव. पण मी सांगतोय तो चिपमधला.

मी आखिम. सहावीपर्यंत शिकलो, मग एक्केचाळीस वर्षं सोल्डरिंग. रेडिओ केले, पंखे केले, बोलणाऱ्या बाहुल्या केल्या. अक्षर माझं वाईट, पण डाख असा लावतो की भिंगाखाली बघा, दवाच्या थेंबासारखा गोल. हा अंगठा सोडा, हा भाजल्याचा डाग वेगळा, त्याचं पुढे येतं. तर माझ्या थोरल्या भावाची मुलगी पेइलिन. शिकली सवरली, मोठ्या कंपनीत होती, थंडगार हवेत बसायची, आणि एक दिवस बॅग घेऊन गावाला परत. म्हणाली, "काका, आपण तळ्यांसाठी पेटी करू." ट्रॅक्टरची शेड झाडली, दोन टेबलं टाकली. ती प्रोग्राम लिहिणार, मी जोडणार. कारखाना म्हणजे ती, मी आणि एक पंखा.

पेटी केवढी? जेवणाच्या डब्याएवढी, निळी. काम काय? तर आमच्याकडे तळ्यात हेकरू मासे. पाण्यातली हवा कमी झाली की बिचारे वर येतात, तोंडं उघडतात, आणि वेळेवर चाकं फिरवून पाणी घुसळलं नाही तर अर्ध्या तासात सगळं तळं पांढरं. म्हणून मासेवाला तळ्याला बांधलेला. माझा मित्र चुईबोक, दुसरीत एका बाकावर होतो आम्ही, त्याची धाकटी बहीण ह्वालिएनला दिलेली, डोंगरापलीकडे. तीस वर्षांत हा तिच्या घरी एक रात्र राहिला नाही! तिच्या मुलांची लग्नं झाली, हा इथे खुर्चीत. आता ती आजारी असते. म्हणते, "दादा, एकदा ये, मी बरी असताना ये." मला ते बघवेना. मी म्हणालो, चुईबोक, ही पेटी लाव. पेटी पाण्याकडे बघेल, हवा कमी झाली की स्वतः चाकं फिरवेल, हवेचा आकडा तुझ्या-माझ्या मोबाइलवर येईल. माझ्या हातचं काम आहे. महिनाभर बघ, मग खुशाल बहिणीकडे जा.

माझ्या हातचं आहे, असं म्हणालो मी. दुसरीपासूनच्या मित्राला!

तो म्हणाला, "बरं." मी म्हणालो, "आणि ते चाकांचं गंजकं जुनं बटण काढून टाक, नव्याशेजारी लाज वाटते." तो म्हणाला, "काढलं. भंगारात दिलं." हे लक्षात ठेवा. भंगारात दिलं, म्हणाला.

आता आत काय असतं ते पेइलिननं मला समजावलं, कारण मी म्हणालो, पोरी, मी डोळे मिटून काही जोडत नाही. तर त्या चिपमध्ये एकच खोली, आणि कामकरी पाच-सहा. एक पाण्यात काडी घालून हवा मोजणारा. एक त्याचा आकडा बघून चाकं फिरवणारा. एक मोबाइलवर आकडा पाठवणारा. एक दिवे लावणारा. सगळ्यांना एकाच खोलीत आळीपाळीनं काम, म्हणून वर एक मुकादम. आता तू, आता तू, तू थांब, तुझं तातडीचं आहे तू आधी! वेळेचा असा पक्का की डोळ्याची पापणी लवेपर्यंत शंभरदा हजेरी घेतो. हा मुकादम म्हणजे प्रणाली, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती. मी विचारलं, कुठल्या कंपनीची? ती हसली. "कुठल्याच नाही, काका. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलीय. कुणीही घ्यावी, वाचावी, दुरुस्त करावी. आपणही आपलं काम तिथे इंटरनेटवर ठेवायचं, दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. लपवाछपवी नाही. सगळं उघडं आहे, काका!"

सगळं उघडं! मला तर भरून आलं. आमच्या काळी फोरमन सर्किटचा कागद कुलपात ठेवायचा. आणि इथे कोण कुठला माणूस, त्यानं लिहून ठेवलंय, घ्या म्हणतो. मी म्हणालो, एवढे डोळे बघतात म्हटल्यावर चूक राहीलच कशी? ती म्हणाली, "तेच तर!" …तेच तर, म्हणे.

आणि मुकादमाच्याही वर कुत्रा. हा काही माझा शब्द नाही, तिकडचे सगळे शिकलेले लोक त्याला राखणदार कुत्राच म्हणतात. काम चाललंय तोवर हवा मोजणाऱ्यानं कुत्र्याला खायला घालत राहायचं. तो कुठे अडकला, झोपला, मेला, की खाणं बंद. कुत्रा चार सेकंद वाट बघतो, आणि असा चावतो की सगळी पेटी दचकून पहिल्यापासून सुरू होते. काय सुंदर कल्पना आहे! मी म्हणालो, पोरी, बाकीचे कामकरी राहू देत, पण कुत्रा मात्र घे.

वर आणखी हिरवं पाकीट. तुम्हाला माहीत आहेच, मक्याच्या कुरमुऱ्यांचं, मशिनीवर ठेवायचं म्हणजे मशीन शहाण्यासारखं वागतं. हिरवंच पाहिजे, पिवळं ठेवलं तर मशीन रुसतं. मला वाटलं पेइलिन एवढी शिकलेली, हसेल. ती म्हणाली, "काका, तारीख बघा, संपलेलं नको." म्हणजे बघा, मुकादम होता, कुत्रा होता, पाकीट होतं. आणि तरी…

त्या दिवशी लग्न. तीन दिवस आभाळ दाटलेलं, ऊन नाही, आणि ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ हवा सोडत नाही, हे चुईबोकला कळतं, मला कळतं, पण पेटी आहे ना! देवळापुढे मांडव, गोल टेबलं, भर दुपार, बारा पदार्थ. मी चुईबोकला हाताला धरून नेला. म्हणालो, तीस वर्षांत पहिल्यांदा माणसासारखा शेवटच्या फळापर्यंत बस. आणि बसलो की लगेच मोबाइल काढला. शेजारच्या टेबलावरचे तळेवाले मान लांब करून बघतायत. एकजण म्हणतो, "आखिमदादा, हे बंद पडलं तर?" मी म्हणालो, "आत कुत्रा आहे." तो म्हणतो, "कुत्रा मेला तर?" मी म्हणालो, "जेव गपचूप."

थंड पदार्थ आले, पाच पूर्णांक दोन. सूप आलं, पाच पूर्णांक दोन. कोंबडी आली, पाच पूर्णांक दोन! माझी छाती अशी फुगली… आणि खेकडा-भात आला तसा चुईबोक म्हणाला, "दाखव बघू."

"पाच पूर्णांक दोन."

"मघाशी किती होतं?"

"पाच पूर्णांक दोन."

"आणि सूप आलं तेव्हा?"

"अरे तेच सांगतोय ना, किती स्थिर आहे बघ!"

त्यानं चॉपस्टिक खाली ठेवल्या. एवढंच म्हणाला, "आखिम, पाणी कधी स्थिर असतं का रे?"

आणि उठला! भर पंगतीतून, सहाव्या पदार्थाला, नवरी टेबलाशी यायच्या आधी. यजमान मागून ओरडतोय, "मामा, मासा यायचाय अजून!" हा स्कूटरवर. मी मागून. माझी स्कूटर माझ्यासारखीच, पोचेपर्यंत…

तुम्हाला सांगतो, ते मी पुन्हा सांगणार नाही, एकदाच सांगतो. सगळं तळं तोंडांनी भरलेलं. आवाज नाही काही. नुसती तोंडं, उघडतायत, मिटतायत. आणि चाकं थांबलेली. आणि पेटीवर हिरवा दिवा, छान, प्रसन्न. आकडा पाच पूर्णांक दोन! आणि हा ओआ काठावरून धावतोय, वेड्यासारखा भुंकतोय, खरा कुत्रा भुंकतोय आणि आतला गप्प! चुईबोकनं कोपऱ्यातलं तांदळाचं रिकामं पोतं ओढलं, आणि पोत्याखाली काय? ते गंजकं जुनं बटण! तारा जोडलेल्या, तेल घातलेलं! त्यानं दांडा खाली ओढला, आणि सगळी चाकं एकदम, धाड धाड धाड…

सतरा मासे गेले. बाकीचे सगळे वाचले. तो गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा होता, एकेक वरचा मासा हातानं चाकाच्या फेसात ढकलत होता. आणि मी काय विचारलं असेल? मी विचारलं, "हे बटण तर तू भंगारात दिलं म्हणालास!"

तो म्हणाला, "हो, म्हणालो होतो."

झालं! तुम्ही म्हणाल, अरे मूर्खा, त्या बटणानं मासे वाचले. वाचले हो! पण माझ्या मित्रानं, माझ्या हातच्या कामावर, तोंडदेखलं बरं म्हणून, मागे पोत्याखाली… आठ दिवस बोललो नाही मी त्याच्याशी. एकामागोमाग एक दगे. पेटीनं दिला, मुकादमानं दिला, कुत्र्यानं दिला, पाकिटाची तारीख पाहिली तर चांगली चार महिने पुढची, म्हणजे त्यानंही दिला, आणि शेवटी चुईबोकनं!

पेटी उघडली. पहिलं काय बघितलं? माझे डाख. एकेक, भिंगाखाली. सगळे दवाचे थेंब. पेइलिननं शोधून काढलं की खाऱ्या हवेनं मोजायची काडी क्षणभर गप्प झाली, आणि हवा मोजणारा कामकरी तिच्या उत्तराची वाट बघत बसला. बसला तो बसलाच. चाकंवाला जुनाच आकडा बघून म्हणतोय, छान आहे. मोबाइलवाला जुनाच आकडा पाठवतोय. मी म्हणालो, ठीक आहे, माणूस अडकतो. पण चार सेकंदांत कुत्रा चावायला हवा होता! चावला असता तर पेटी नव्यानं सुरू झाली असती, काडीनं नव्यानं उत्तर दिलं असतं, मी मासा खाल्ला असता, आंब्याचं आइस्क्रीम खाल्लं असतं… कुत्रा का चावला नाही? ती म्हणाली, "तेच कळत नाही, काका. त्याला खाणं मिळतच होतं. कुणीतरी घालत होतं." कोण? मोजणारा तर अडकलेला! कोण घालत होतं?

मग तिनं जगाला विचारलं. तिकडे एक चावडी आहे इंटरनेटवर, ही प्रणाली वापरणारे सगळे तिथे बसतात. तिनं सगळं लिहून टाकलं. मी म्हणालो, आपली अब्रू अशी चारचौघांत? "सगळं उघडं आहे, काका! म्हणूनच तर मदत मिळते." आणि काय मदत मिळाली म्हणता! पाच मिनिटांत पहिला: "आधी माहितीपुस्तक वाचलंत का?" दुसरा: "आवृत्ती कुठली?" तिसरा: "मलाही हाच त्रास आहे, सापडलं तर कळवा." चौथा: "माझ्याकडे तर चालतंय." अरे तुझ्याकडे चालतंय तर तू बोलतोस कशाला? आणि मग पाचवा आणि सहावा, ते कुत्र्याचं सोडून ओळीच्या सुरुवातीला जागा किती सोडायची यावरून भांडायला लागले, तीन दिवस! इथे मासे मेले आणि हे जागा मोजतायत! एक म्हणतो चार, दुसरा म्हणतो आठ, तिसऱ्यानं मधे येऊन दोघांच्या शाळा काढल्या. पेइलिन रोज सकाळी मला वाचून दाखवायची, आणि मी चहा न पिता बसायचो.

नवव्या दिवशी एका बाईचं उत्तर आलं. फिनलंड म्हणून देश आहे, तिथली, हेल्वी नाव. तिच्या गोठ्यात दूध थंड ठेवायची टाकी, तिला पेइलिननं तिथे ठेवलेला आपलाच प्रोग्राम आवडला म्हणून तिनं जसाच्या तसा उचललेला. दोनदा दूध नासलं बिचारीचं, आणि कुत्रा गप्प. म्हणून ती वाचायला बसली. एकटी. पहिल्या ओळीपासून. जगात एवढे डोळे, आणि वाचलं कुणी, तर एका गवळणीनं! आणि तिनं फार नम्रपणे विचारलं होतं. पेइलिननं वाचायला सुरुवात केली, आणि मधेच थांबली, कान लाल झाले तिचे. मी म्हणालो, वाच की. ती वाचेना. मी म्हणालो, वाच, पोरी, सगळं उघडं आहे ना?

तेव्हा तिनं वाचलं. "चारशे बाराव्या ओळीपाशी लिहिलंय, 'आखिम काका टेबलावर काम करतायत. तोवर कुत्र्याला घड्याळ खायला घालेल. बुधवारपुरतं. नंतर काढणे.' माझा प्रश्न असा, की हे आखिम काका कोण आहेत? आणि त्यांचं काम संपलं का?"

…

पंखा फिरत होता. मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं.

आठवलं हो. सगळं आठवलं. चाळीस पेट्या तपासायच्या होत्या. मी मोजायच्या काडीची तार काढली, डाख लावायला वाकलो, की आतल्या मोजणाऱ्याला उत्तर नाही, कुत्र्याला वाटायचं तो मेला, आणि कडाडून चावा! टूंऽऽ करून पेटी किंचाळायची, दिवे भकाभक, आणि मी दचकायचो, आणि गरम डाख अंगठ्यावर. एकदा नाही, चारदा. मी पेइलिनला अंगठा दाखवला. माझ्याच तोंडानं म्हणालो, "पोरी, या तुझ्या कुत्र्याला जरा काहीतरी खायला घाल की गं, म्हाताऱ्याला काम करू दे!" आणि ती कळवळली, "अगं बाई, काका! बघू. बुधवारपर्यंत चिपमधलं घड्याळच आपोआप खायला घालेल, गप्प ठेवते त्याला, हं." फुंकर घातली अंगठ्यावर. बुधवारी तिच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. माझ्याच भावाचं. त्या गडबडीत… काढायचं राहिलं.

ती रडायला लागली. "चूक माझी आहे, काका." मी म्हणालो, नाही गं, तू तर लिहून ठेवलं होतंस. सगळ्या जगाला दिसेल असं. जो दगा शोधत मी गावभर हिंडत होतो, त्याच्यावर माझंच नाव होतं, ठळक.

तिनं ती ओळ काढली. चावडीवर लिहिलं, "आखिम काकांचं काम संपलं." सतरा देशांतल्या लोकांनी खाली अंगठा उभा करून दाखवला. अंगठाच! मी विचारलं, पण आता गेलं ना ते? पुसलं ना? ती म्हणाली, "काढलं, पण काढलेलंही तिथे राहतं. कुणी कधी लिहिलं, का लिहिलं, केव्हा काढलं… कायमचं. सगळं उघडं आहे, काका." म्हणजे भाऊ गेला त्याचा फोटोसुद्धा पुसट झाला, आणि माझा मूर्खपणा जगबुडीपर्यंत टिकणार!

मग इथे आलो, चुईबोककडे. खिशात सॉसेज होतं, या ओआसाठी. सगळ्या गावावर भुंकतो हा, माझ्यावर कधीच नाही, लहान होता तेव्हापासून मी त्याला काही ना काही आणतो. चुईबोक सुपारी चघळत होता. मी सगळं सांगितलं. हळूहळू, माझ्या नेहमीच्या चालीनं, तास लागला. तो पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे कुत्रा झोपला नव्हता?"

"नाही. जागा होता. पोट भरलेलं होतं."

"खायला कोण घालत होतं?"

"घड्याळ."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"…माझ्या."

त्यानं ओआकडे बघितलं. ओआनं माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलेलं, शेपटी हलतेय, डोळे खिशावर. चुईबोक म्हणाला, "आखिम, ते सॉसेज आत ठेव. तू खायला घातलेली कुत्री भुंकायची बंद होतात."

मी खिशावर हात दाबला. मग तो म्हणाला, "बटणाचं सांगायला हवं होतं तुला. तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं." मी म्हणालो, वाईट वाटलंच. तो म्हणाला, "आता बहिणीकडे जाणार आहे." माझे डोळे भरले, तुम्हाला सांगतो. मी म्हणालो, म्हणजे पेटीवर विश्वास बसला? तो म्हणाला, "पेटी आहे. बटणही आहे. आणि खुर्चीत तू बस."

म्हणून चौथा दिवस हा माझा इथे! जगभरातल्या लोकांनी लिहिलेली प्रणाली, वेळेचा पक्का मुकादम, दुरुस्त केलेला कुत्रा, नवं हिरवं पाकीट, आणि त्या सगळ्यांवर राखण करायला सहावी पास आखिम! काल चुईबोकचा फोन आला, बहिणीनं स्वतः उठून रताळ्याची पेज करून दिली म्हणे. मागून तिचा आवाज येत होता, "आखिमदादाला सांग, दादाला मी इतक्यात सोडत नाही!" मी म्हणालो, राहा रे, हवं तेवढं राहा. तो म्हणाला, "आणि ओआला?" मी म्हणालो, नाही घालत. शपथ. फोन ठेवायच्या आधी तीनदा म्हणायला लावलं त्यानं मला. घालत नाही, घालत नाही, घालत नाही.

आता हा बघा कसा बघतोय… बघा ना. सकाळपासून असाच बसलाय. चार दिवस मी याला हात लावला नाही, याला काय वाटत असेल? याला वाटत असेल, आखिमनं दगा दिला… अरे नाही रे. नाही. शब्द दिलाय मी.

…बरं, हे एवढंच. अर्धं.

आजच्यापुरतं, हं.